विश्लेषण : गांजाच्या दुकानातील ‘मेन्यू’ सुटसुटीत का हवा?

कॅनडात आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत गांजा परवानाधारक दुकानांतून उघडपणे विकला जातो. तेथे माल बहुधा बंद पाकिटात असतो, पाकिटावरचा मजकूर बारीक असतो आणि रांग मोठी असली की काउंटरपलीकडच्या विक्रेत्याला घाई असते. त्यामुळे ग्राहक काय घेतो आणि किती घेतो, हे बऱ्याच अंशी मेन्यूवरून ठरते. हा मेन्यू कसा मांडावा, हा प्रश्न वरवर सजावटीचा वाटतो. प्रत्यक्षात तो मात्रेचा आणि पर्यायाने सुरक्षिततेचा आहे.

ही दुकाने कोठे आणि केव्हापासून?

अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये राज्यघटनेतील ६४व्या दुरुस्तीला कौल दिला आणि १ जानेवारी २०१४ पासून तेथे २१ वर्षे पूर्ण केलेल्यांना गांजाची किरकोळ विक्री सुरू झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये वॉशिंग्टन राज्यात दुकाने उघडली. कॅलिफोर्नियात ही विक्री जानेवारी २०१८ पासून सुरू आहे. आज अमेरिकेतील जवळपास निम्म्या राज्यांनी प्रौढांच्या वापराला मान्यता दिली आहे. संघराज्याच्या कायद्यात मात्र गांजा अजूनही नियंत्रित पदार्थ आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी देशभरासाठी एकच कायदा लागू केला आणि वर्षभराने, १७ ऑक्टोबर २०१९ पासून, गांजायुक्त खाद्यपदार्थ, पेये आणि अर्क यांनाही परवानगी दिली. तेथे किमान वय अल्बर्टात १८, क्यूबेकमध्ये २१ आणि बहुतेक प्रांतांत १९ आहे.

या दुकानांत केवळ सुकी फुले मिळत नाहीत. तयार वळलेल्या सिगारेटी म्हणजे प्री-रोल, व्हेप, चघळायच्या गोळ्या म्हणजे गमी, चॉकलेट, पेये, तेल, अर्क, त्वचेला लावायचे लेप असे कितीतरी प्रकार असतात. प्रत्येक प्रकारात अनेक कंपन्या, प्रत्येक कंपनीची अनेक नावे आणि प्रत्येक नावाची दोन-तीन वजने. साध्या दुकानाच्या यादीतही शंभरावर नोंदी सहज होतात. ही यादी भिंतीवरच्या पडद्यावर, काउंटरवरच्या टॅबलेटवर किंवा ग्राहकाच्या मोबाइलवर दिसते. तिलाच या व्यवसायात ‘मेन्यू’ म्हणतात.

मेन्यूवर इतके अवलंबून का राहावे लागते?

किराणा दुकानात तांदूळ हातावर घेऊन पाहता येतो, मंडईत आंबा हुंगता येतो. येथे तसे बहुधा करता येत नाही. कॅनडात माल मुलांना उघडता येणार नाही अशा बंद पाकिटातच विकावा लागतो. पाकिटाची सजावटही कायद्याने साधी ठेवलेली असते. म्हणजे पाकीट पाहून आत काय आहे याचा फारसा अंदाज येत नाही.

दुसरे कारण मापाचे. मद्याच्या बाबतीत ‘पेग’ हे माप सर्वांच्या ओळखीचे असते. बाटलीवरच्या टक्केवारीचा ढोबळ अर्थही पिणाऱ्याला ठाऊक असतो. गांजाच्या बाबतीत असे रुळलेले माप नाही. नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी. दिसायला सारख्याच दोन गमींपैकी एकीत तो २.५ मिलिग्रॅम, तर दुसरीत १० मिलिग्रॅम असू शकतो. अमेरिकेतील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज’ या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये संशोधनासाठी ५ मिलिग्रॅम टीएचसी हे प्रमाण एकक ठरवले. ते प्रयोगशाळेपुरते आहे. दुकानात येणाऱ्या ग्राहकाच्या मनात असे एकक तयार झालेले नाही.

तिसरे कारण वेळेचे. धूर ओढला तर परिणाम काही मिनिटांत जाणवतो. तोच पदार्थ खाल्ला तर परिणाम जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात, तो शिगेला पोहोचायला चार तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो आणि एकूण परिणाम १२ तासांपर्यंत राहू शकतो, असे कॅनडाचे आरोग्य खाते सांगते. हे ज्याला माहीत नाही तो पहिला तुकडा खाऊन वाट पाहतो, काही होत नाही असे समजून दुसरा खातो आणि मग दोन्हींचा परिणाम एकत्र येतो.

डेन्व्हरमध्ये काय घडले?

मार्च २०१४ मध्ये, विक्री सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, कोलोराडोत १९ वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने (सीडीसी) २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्याचा घटनाक्रम आहे. मित्राने दुकानातून आणलेल्या एका कुकीत एकूण ६५ मिलिग्रॅम टीएचसी होते, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या साडेसहा मात्रा. विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे तरुणाने आधी एकच तुकडा खाल्ला. अर्धा ते एक तासात काही जाणवले नाही म्हणून त्याने उरलेली कुकी संपवली. पुढच्या दोन तासांत त्याचे वागणे बिघडत गेले आणि चौथ्या मजल्याच्या सज्जातून उडी मारल्याने त्याचा जीव गेला.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या स्तंभलेखिका मॉरीन डाउड यांनी डेन्व्हरमधील स्वतःचा अनुभव लिहिला. गांजायुक्त चॉकलेटचा थोडा भाग खाऊन, काही होत नाही म्हणून त्यांनी आणखी थोडा खाल्ला आणि मग हॉटेलच्या खोलीत कित्येक तास भ्रम आणि भीतीत काढले. नवख्याने त्या चॉकलेटचे १६ तुकडे करून एकच खायचा असतो, हे त्यांना नंतर कळले. वेष्टनावर ते लिहिलेले नव्हते.

या दोन प्रसंगांत फरक आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. एकीकडे माहिती दिली गेली होती, पण तोंडी आणि अर्धी : किती खायचे हे सांगितले गेले, पण परिणाम उशिरा येतो ही जाणीव खाणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही. दुसरीकडे माहिती लिहिलेलीच नव्हती. कोलोराडोने त्यानंतर नियम बदलले. खाद्यपदार्थातील १० मिलिग्रॅमची प्रत्येक मात्रा वेगळी ओळखता यावी, असे बंधन फेब्रुवारी २०१५ पासून आले.

समस्या या दोन घटनांपुरती नव्हती. कोलोराडोतील एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातील नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ ते २०१६ या काळात टीएचसीच्या वजनाने मोजल्यास खाद्यपदार्थांचा वाटा राज्यातील विक्रीत केवळ ०.३२ टक्के होता. गांजामुळे रुग्णालयात आलेल्यांत मात्र तो १०.७ टक्के होता.

मेन्यूत गर्दी नेमकी कशाची होते?

एक काल्पनिक नोंद पाहू : ‘पर्पल माउंटन एक्स्ट्रा – इंडिका हायब्रीड ६०/४० – टीएचसीए २८.४१% – टीएचसी ०.९२% – एकूण २५.८४% – टर्पीन २.७% – एट्थ – ३५ – सवलत – नवीन – कर्मचाऱ्यांची पसंती’. अशा ३० ओळी एका पडद्यावर, तोही दर दहा सेकंदांनी बदलणारा. नवखा ग्राहक यातून दोनच गोष्टी उचलतो : सर्वात मोठा आकडा आणि सर्वात छोटी किंमत.

ही गर्दी कोणी मुद्दाम करत नाही. पुरवठादार आपल्या पद्धतीने नाव पाठवतो, ते बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तसेच चढते आणि तेथून आपोआप मेन्यूवर येते. परिणामी एकाच वजनाची तीन नावे होतात : ‘३.५ ग्रॅम’, ‘१/८ औंस’ आणि नुसते ‘एट्थ’. आपल्याकडे ‘अदपाव’ आणि ‘१२५ ग्रॅम’ एकाच फळ्यावर वेगवेगळ्या भाज्यांसमोर लिहिले, तर नवीन पिढीतील ग्राहकाचे जे होईल तेच येथे होते. संपलेला माल यादीतून काढला जात नाही. एकाच कंपनीची सात चवींची गमी सात ओळी अडवते. त्यात प्रत्येक कंपनीला आपले बोधचिन्ह दिसायला हवे असते.

पर्याय कमी केले की प्रश्न सुटतो का?

येथे जॅमच्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात दुकानातील टेबलावर कधी २४, तर कधी ६ प्रकारचे जॅम ठेवले. २४ प्रकारांच्या टेबलाकडे थांबणारे जास्त होते, पण त्यांतील ३ टक्क्यांनीच खरेदी केली. ६ प्रकारांच्या टेबलावर हे प्रमाण ३० टक्के होते. मात्र २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा ‘जास्त पर्याय म्हणजे कमी खरेदी’ हा परिणाम सरासरीने जवळपास शून्य निघाला. २०१५ मधील आणखी एका विश्लेषणाने तो कधी दिसतो हे सांगितले : पर्यायांची तुलना अवघड असेल, निर्णय कठीण असेल आणि आपल्याला काय हवे हे ग्राहकालाच ठाऊक नसेल तेव्हा.

गांजाच्या दुकानातील नवख्याला या तिन्ही अटी लागू पडतात. जाणकाराला बहुधा लागू पडत नाहीत; त्याला हवे ते नाव शोधता आले की पुरते. म्हणून सुटसुटीत मेन्यू म्हणजे छोटा मेन्यू नव्हे. पहिल्या नजरेत थोडे दिसावे आणि ज्याला हवे त्याला बाकीचे एका पायरीवर मिळावे, अशी ती रचना असते. माणसाला सात गोष्टीच लक्षात राहतात म्हणून मेन्यूत सातच नोंदी असाव्यात, असाही एक सल्ला दिला जातो. तो चुकीचा आहे. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा तो प्रसिद्ध निबंध क्षणिक स्मृतीच्या मर्यादेविषयी आहे. मेन्यू डोळ्यांसमोर असतो. तो पाठ करायचा नसतो.

टीएचसीची टक्केवारी ठळक का असू नये?

मेन्यूवरील सर्वात मोठा आकडा बहुतेक वेळा फुलांतील टीएचसीची टक्केवारी असते आणि अनेक दुकानांत यादीही त्यानेच लावलेली असते. त्यामुळे ‘जास्त टक्के म्हणजे चांगला माल’ असा समज पक्का होतो. यात तीन अडचणी आहेत.

पहिली हिशेबाची. कच्च्या फुलात बहुतांश टीएचसीए असते. तापवल्यावर त्याचे टीएचसी होते आणि वजन थोडे घटते. म्हणून एकूण टीएचसी काढताना टीएचसीएला ०.८७७ ने गुणतात. २५ टक्के टीएचसीए म्हणजे सुमारे २२ टक्के टीएचसी. एक कंपनी पहिला आकडा देते आणि दुसरी दुसरा, तेव्हा तुलनाच चुकते. त्यात कॅनडातील पाकिटावर ‘मिलिग्रॅम प्रति ग्रॅम’ असते आणि अमेरिकेत टक्के. २०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आणि २० टक्के एकच आहेत, हे सर्वांना चटकन उमगत नाही.

दुसरी अडचण विश्वासाची. कोलोराडोतील १० दुकानांतून घेतलेल्या २३ नमुन्यांची तपासणी २०२३ मध्ये ‘प्लॉस वन’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के नमुन्यांत टीएचसी लेबलवरील किमान आकड्यापेक्षा १५ टक्क्यांहून अधिक कमी निघाले. आकडा मोठा तर भाव मोठा, अशी बाजाराची रीत पडली की आकडा फुगवण्याचा मोह वाढतो. २८.४१ असे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आव आणणे होय.

तिसरी अडचण अशी, की खाद्यपदार्थात टक्केवारीचा उपयोगच नसतो. तेथे एका तुकड्यात किती मिलिग्रॅम आणि पाकिटात किती तुकडे, हे दोनच आकडे कामाचे. कॅनडात संपूर्ण पाकिटाला १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कोलोराडो आणि कॅलिफोर्नियात एका मात्रेला १० आणि पाकिटाला १०० मिलिग्रॅम. टोरांटोत ‘एक पाकीट’ संपवण्याची सवय असलेला माणूस डेन्व्हरला जाऊन तेच करेल, तर दहापट मात्रा घेऊ शकतो.

‘इंडिका’ आणि ‘सटायव्हा’चे काय?

बहुतेक मेन्यूंची मांडणी इंडिका, सटायव्हा आणि हायब्रीड अशा तीन कप्प्यांत असते. इंडिकाने सुस्ती येते, सटायव्हाने तरतरी, असे सांगितले जाते. अमेरिकेच्या सहा राज्यांतील सुमारे ९० हजार नमुन्यांच्या रासायनिक विश्लेषणाचा २०२२ मधील अभ्यास सांगतो, की या नावांचा मालातील घटकांशी सुसंगत मेळ बसत नाही. म्हणजे भिंतीवरचे सर्वात ठळक वर्गीकरणच सर्वात कमी भरवशाचे आहे.

मग ते काढून टाकावे का? ग्राहक याच शब्दांत विचारतात, त्यामुळे एकदम काढले तर गोंधळ वाढेल. मधला मार्ग असा, की मुख्य विभागणी सेवनाच्या पद्धतीने करावी : ओढायचे, खायचे-प्यायचे, जिभेखाली घ्यायचे, त्वचेला लावायचे. परिणाम किती वेळात जाणवेल हे याच विभागणीवर अवलंबून असते. इंडिका-सटायव्हा हा शब्द नोंदीच्या शेवटी, लहान अक्षरांत राहू द्यावा.

चांगली नोंद कशी दिसते?

वरच्यासारखीच एक काल्पनिक नोंद, पण गमीची : ‘संत्रा गमी. एका गोळीत ५ मिलिग्रॅम टीएचसी. पाकिटात २ गोळ्या. किंमत ६ डॉलर.’ आणि त्या संपूर्ण विभागाच्या वर एकदाच, ठळक अक्षरांत : ‘परिणाम जाणवायला दोन तास लागू शकतात. तोवर दुसरी गोळी घेऊ नका.’ ही सूचना प्रत्येक ओळीत लिहिली तर कोणी वाचत नाही. तळाशी बारीक छापली तरी वाचत नाही. विभागाच्या मथळ्यालगत ती नजरेतून सुटत नाही.

क्रमही ठरवावा लागतो. खाद्यपदार्थांची यादी कमी मात्रेपासून वाढत्या मात्रेकडे लावली, तर नवख्याची नजर आधी २.५ आणि ५ मिलिग्रॅमवर पडते. सात चवी सात ओळींत न लिहिता एका ओळीत ‘चवी : संत्रा, लिंबू, आंबा’ असे लिहिता येते. वजन सर्वत्र ग्रॅममध्येच असावे. तुलनेसाठी फुलांचा दर प्रति ग्रॅम द्यावा. आपल्याकडे पाकिटांवर ‘युनिट सेल प्राइस’ छापलेली असते तसा. अमेरिकेत फळ्यावरची किंमत अनेकदा करांशिवायची असते आणि काउंटरवर ती बरीच वाढते. ‘कर धरून’ की ‘कर वेगळा’ हे एका ओळीत स्पष्ट केले, तर गल्ल्यावरचे अर्धे वाद टळतात.

अक्षरांचा आणि रंगांचा विचारही यातच येतो. वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील उजेडाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. काळ्या पडद्यावर गडद जांभळी अक्षरे या कसोटीवर सहज नापास होतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारापैकी एकाला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. म्हणून प्रकार केवळ रंगाने दाखवणे पुरेसे नाही, शब्दही हवा. आकडे एकाखाली एक, दशांश चिन्हाशी जुळवले की २.५ आणि २५ यांत गफलत होत नाही. आपोआप सरकणारे पडदे टाळावेत. चष्मा शोधणाऱ्या साठीच्या ग्राहकाला दहा सेकंद पुरत नाहीत आणि मागे रांग असताना तो ‘पुन्हा दाखवा’ म्हणत नाही.

कायदा मेन्यूला किती मोकळीक देतो?

कॅनडाचा कायदा कडक आहे. तरुणांना आकर्षित करणारे, कोणाची शिफारस दाखवणारे, माणूस, प्राणी किंवा एखादे पात्र वापरणारे किंवा मौजमजेची जीवनशैली सुचवणारे प्रचारसाहित्य चालत नाही. विक्रीच्या जागी उपलब्धता आणि किंमत सांगायला मुभा आहे. अल्पवयीनांना माल किंवा पाकीट दिसेल अशी मांडणीही करता येत नाही. ‘कर्मचाऱ्यांची पसंती’ यासारखी चिठ्ठी अमेरिकेतील दुकानात सर्रास दिसते. कॅनडात ती अडचणीची ठरू शकते. कोलोराडोनेही पुढे फळे, प्राणी, माणसे यांच्या आकाराचे गांजायुक्त पदार्थ बंद केले.

औषधी दाव्यांचा मुद्दा अधिक नाजूक आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी गर्भवती असल्याचे भासवून कोलोराडोतील ४०० दुकानांना फोन केला आणि पहिल्या तिमाहीतील मळमळीवर उपाय विचारला. सुमारे ६९ टक्के दुकानांनी गांजाचे उत्पादन सुचवले. गर्भावस्थेत गांजा टाळावा, असा वैद्यकीय संघटनांचा सल्ला असताना हे घडले. मेन्यूत ‘झोप’, ‘वेदना’, ‘चिंता’ असे कप्पे केले की हीच चूक लेखी स्वरूपात कायम होते. मांडणी सुटसुटीत असली तरी ती दिशाभूल करणारी ठरते.

स्पष्ट मेन्यूने विक्री वाढली तर?

हा आक्षेप सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने घेतला जातो आणि तो गैरलागू नाही. सोपी यादी ही विक्रीचेही चांगले साधन असते. खासगी दुकानाला महाग मालावर नजर वळवायची असते आणि मांडणीचे हेच तंत्र त्यासाठीही वापरता येते. क्यूबेकने म्हणूनच वेगळी वाट धरली. तेथे विक्री सरकारी महामंडळाकडे आहे आणि मुलांना आकर्षक वाटणाऱ्या मिठाईसदृश गांजायुक्त पदार्थांवर २०१९ मध्येच बंदी घालण्यात आली.

त्यामुळे मेन्यू चांगला की वाईट, हे त्यातून किती विकले गेले यावरून ठरवता येणार नाही. साधी कसोटी अशी : कधीच न आलेला माणूस अर्धा मिनिट यादी पाहून ‘एका तुकड्यात किती’ आणि ‘परिणाम केव्हा’ या दोन प्रश्नांची उत्तरे देऊ शकतो का? देऊ शकत नसेल, तर फळा कितीही देखणा असला तरी तो बदलायला हवा. ही चाचणी करायला दहा अनोळखी माणसे आणि एक दुपार पुरते.

मराठी वाचकांशी याचा संबंध काय?

भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार गांजा आणि चरस बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. फुलोऱ्याशिवायची पाने त्या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. मात्र टोरांटो, व्हँकूव्हर, डेन्व्हर, लॉस एंजेलिस येथे शिकणारी-नोकरी करणारी मुले आणि त्यांच्याकडे जाणारे आईवडील यांच्या घराजवळ आता ही दुकाने आहेत. तिकडे कायदेशीर खरेदी केलेली वस्तू सामानात टाकून भारतात आणणे हा गुन्हाच आहे. कॅनडाची सीमा ओलांडून गांजा नेणे-आणणे दोन्ही दिशांनी बेकायदा आहे. अमेरिकेत राज्याने मुभा दिली असली तरी स्थलांतराचे नियम संघराज्याचे असतात. गांजाशी संबंधित कृती नागरिकत्वाच्या अर्जाच्या आड येऊ शकते, असे तेथील नागरिकत्व विभागाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

आणि एक घरगुती सावधगिरी. अमेरिकेत सहा वर्षांखालील मुलांनी गांजायुक्त पदार्थ चुकून खाल्ल्याच्या, विषबाधा केंद्रांकडे आलेल्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या. २०२१ मध्ये त्या ३,०५४ झाल्या. बहुतेक प्रकार घरातच घडले होते. दुकानातला मेन्यू घरी येत नाही, सोबत येते ते फक्त पाकीट. मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या आजी-आजोबांनी फ्रिजमधले अनोळखी चॉकलेट किंवा गोळी नातवंडाच्या हातावर ठेवण्यापूर्वी पाकीट उलटून पाहावे. कॅनडात लाल अष्टकोनात पान आणि ‘टीएचसी’ ही अक्षरे असतात. अमेरिकेत राज्यागणिक चिन्ह बदलते, पण ‘टीएचसी’ आणि त्यापुढचा मिलिग्रॅमचा आकडा छापलेला असतो. तो दिसला तर पाकीट कुलूपबंद कपाटात ठेवावे. मुलाने ते खाल्ल्याचा संशय असेल, तर लक्षणांची वाट न पाहता तातडीच्या मदतीसाठी फोन करावा, कारण परिणाम दिसायला दोन तास लागू शकतात.